मेळाव्याला न आलेली मुले

हल्ली जिकडे तिकडे माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे भरू लागले आहेत. दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली, की अमुक सालच्या दहावीच्या तुकडीचा फलक एखाद्या मंगल कार्यालयावर लागलेला दिसतो. मोबाइलमुळे पांगलेली माणसे सापडतात, वर्गणी निघते, जुन्या शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, जेवण होते, फोटो निघतात. माणसांनी एकत्र यावे, गुरुजनांची आठवण ठेवावी, यात वाईट काहीच नाही. पण अशा मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "सरांनी बदडले म्हणून आम्ही घडलो." या वाक्याला टाळ्याही हमखास पडतात. त्या वाक्याविषयी चार शब्द वाचक बंधू-भगिनींपुढे, विशेषतः ज्यांची मुले आज शाळेत आहेत अशा आई-वडिलांपुढे ठेवावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची १९९४ सालच्या दहावीची तुकडी, भडगावच्या हायस्कूलची. तीस वर्षे झाली म्हणून २०२४ च्या मे महिन्यात आमचाही मेळावा झाला. कोणी पुण्याहून आले, कोणी सुरतेहून, कोणी नाशिकहून. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी एस.टी.त वाहक, कोणी आमच्यासारखे कारकून. गणिताचे सर वयाने थकलेले, काठी टेकत आले. ते दारातून आत येताच पन्नाशीकडे झुकलेली माणसे खुर्चीवरून ताडकन उठून उभी राहिली. हसूही आले आणि डोळेही भरले.

मग भाषणे सुरू झाली. कोणाच्या हातावर निंबाची फोक तुटली होती, कोणाला भर उन्हात अंगठे धरून उभे केले होते, कोणाच्या डोक्यावरून डस्टर गेला होता, कोणी अर्धा तास कोंबडा होऊन बसला होता. एकेकाने आपापला मार एखाद्या पदकासारखा सांगितला. शेवटी एका मित्राने ठासून सांगितले, "आता कायदा आला, पोरांना हात लावायची सोय राहिली नाही, म्हणून ही पिढी वाया चालली." पुन्हा टाळ्या.

आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मनात मोजणी करत होतो. भडगावपासून चार किलोमीटरवर आमचे खेडे. तिथल्या बौद्धवाड्यातून पाचवीला हायस्कूलमध्ये नाव घातलेले आम्ही सातजण होतो. पाच मुलगे, दोन मुली. पायात चप्पल असलीच तर थोरल्या भावाची उतरलेली. दप्तर म्हणजे युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी. रात्री रॉकेलच्या चिमणीपाशी अभ्यास. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला, की आई-बापांच्या मागोमाग वेचणीला जायचे आणि शाळेत गैरहजेरी लागायची. या सातांपैकी दहावीपर्यंत पोहोचलो तिघे. मेळाव्यात आम्ही तिघेच होतो.

शिक्षकांच्या कडकपणाबद्दल आम्हालाही बोलायचे आहे. पण आमच्या वाट्याला तीन तऱ्हेचे शिक्षक आले आणि त्या तिघांना एकाच टाळीत बसवता येत नाही.

पहिले गणिताचे सर. फार कडक. प्रार्थनेची घंटा झाल्यावर कोणी फाटकातून आला, की तो कोणाचा का मुलगा असेना, हातावर छडी ठरलेली. तीसपर्यंतचे पाढे उलटसुलट विचारत. पण वही तपासायला बसले, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक वही त्यांच्या हाताखालून जाई. आमची वहीसुद्धा. चूक असेल तिथे लाल शाईने गोल, बाजूला बरोबर रीत लिहिलेली, खाली तारीख. आठवीत असताना कापसाच्या हंगामात आम्ही सलग दहा दिवस शाळेत गेलो नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी सर सायकल मारत थेट आमच्या वाड्यात आले. बाज टाकली, त्यावर बसले. माईने पितळी तांब्यातून पाणी दिले. त्यांनी ते घेतले आणि पिऊन तांब्या खाली ठेवला. त्या वर्षांत आमच्या गावी ही साधी गोष्ट नव्हती. शेजारच्या बायका दारात येऊन बघत राहिल्या. वडील हात जोडून म्हणाले, "मास्तर, याले मारा, पन शिकाडा." सर म्हणाले, "मारायला आलो नाही बाबा, न्यायला आलो आहे. सकाळी दोन तास कापूस वेचू द्या, पण अकराला हा वर्गात पाहिजे."

दुसरे, गावच्या प्राथमिक शाळेतले एक गुरुजी. त्यांनी आम्हाला चार वर्षांत एकदाही मारले नाही. आमच्या आया म्हणत, गुरुजी मोठे मायाळू, पोरांना बोट लावत नाहीत. बोट लावत नव्हते हे खरेच. ते आमच्या पाटीलाही बोट लावत नव्हते. इतर मुलांची पाटी हातात घेऊन अक्षर गिरवून देत आणि आमच्या रांगेपाशी आले, की लांबूनच "हं, ठीक" म्हणून वळत. आम्ही पाटीवर काय लिहिले, बरोबर की चूक, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. ज्याला शिकवायचेच नाही त्याला मारण्याची तरी काय गरज? चौथी पास होऊन आमच्यातली दोन मुले पाचवीत आली, तेव्हा त्यांना जोडाक्षर वाचता येत नव्हते.

तिसऱ्या तऱ्हेचे जे एक शिक्षक होते, त्यांच्याकडे छडी नव्हती, जीभ होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले, की वर्गात मोठ्याने सांगायचे, "सवलतवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. मग "सरकारचे जावई" म्हणून सगळ्या वर्गाला हसवायचे. अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले, की जुन्या जातीचे नाव मुद्दाम मोठ्याने विचारायचे आणि आमच्याकडूनच वदवून घ्यायचे. वस्तुतः राज्यघटनेच्या आधारे मिळणारी ती सवलत कोणाच्या घरचा आहेर नव्हती. १९९० साली केंद्राने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींत घेतले होते, त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले होते आणि जन्मशताब्दीचे वर्षही सुरू झाले होते. आमच्या वाड्यात निळे झेंडे लागले होते. पण वर्गात आम्ही मान खाली घालून उभे होतो.

आमच्या सातांत सर्वांत हुशार जो मुलगा, तो नववीत याच प्रकाराने शाळेतून गेला. घरची अडचण होतीच. वडील आजारी, खाणारी तोंडे सहा. पण अडचण सातवीतही होती आणि आठवीतही होती, तेव्हा तो शाळेत येत होता. नववीत अर्जाच्या दिवशी त्याला उभे केले, हसू झाले, दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी केळीच्या गाड्या भरायला गेला. दोघी मुलींपैकी एकीचे सातवीनंतर लग्न झाले, दुसरी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसली. एक मुलगा सहावीतच आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेला. अशी सातातून चार वजा झाली.

आता पुन्हा मेळाव्याकडे वळू. सगळ्यांची भाषणे झाल्यावर गणिताचे सर बोलायला उभे राहिले. आम्हाला वाटले, आशीर्वाद देतील आणि बसतील. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या छडीचे कौतुक केले. मला ते ऐकून बरे वाटायला हवे होते. पण मी गणिताचा माणूस. पाचवीत तुमच्या हजेरीपटावर साठ नावे होती. दहावीच्या परीक्षेला चाळीस बसली. ती वीस मुले कुठे गेली? माझी छडी जी मुले वर्गात बसत होती त्यांनाच लागली. जी यायची बंद झाली, त्यांच्या घरी मी फार थोड्या वेळा गेलो. आज इथे जे आले नाहीत त्यांना विचारा, छडीने ते घडले का."

सभागृह गप्प झाले. या वेळी टाळी वाजवायला कोणाचा हात उचलला गेला नाही.

सरांच्या त्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही घडलो ते छडीने घडलो नाही. छडी तर त्या गैरहजर वीस जणांनीही खाल्ली होती. आम्ही घडलो ते सरांच्या सायकलीने. ते आमच्या दारापर्यंत आले, आमच्या वहीत त्यांनी लाल शाई खर्च केली, आम्ही वर्गात नाही याची त्यांना खंत वाटली. मार विसरला असता, पण तो पाण्याचा तांब्या आमच्या घरात आजही निघतो. माणसाला आठवण मात्र छडीची सांगायला सोपी जाते, कारण ती सर्वांना सारखी लागली होती. दारापर्यंत आलेला शिक्षक सर्वांच्या वाट्याला आला नव्हता.

परमपूज्य बाबासाहेबांची शाळा आपल्या घराघरात ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे सारे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. तिथे त्यांना कोणी छडीने मारले की नाही हा प्रश्नच गौण आहे. बाहेर बसवणे हीच शिक्षा होती, आणि ती कोणत्याही चुकीसाठी नव्हती.

पण त्याच बाबासाहेबांच्या आयुष्यात कडक माणूसही होता. सुभेदार रामजी सकपाळ. ते स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. मुंबईला परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, तर लेकीचा दागिना मागून आणून तो गहाण टाकत. कडकपणा आणि माया वेगवेगळ्या घरात राहत नाहीत, हे रामजीबाबांकडे पाहून कळते. आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आठवण तर आपण सर्वांनीच ठेवली पाहिजे. शाळकरी भीमरावाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. एका शिक्षकाने दिलेल्या एका पुस्तकाची वाट पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत गेली. अशी ताकद कोणत्या छडीत आहे?

आपल्या खानदेशातही ही दोन्ही चित्रे आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढणारे, वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने काळजी घेणारे गुरुजी छडीवाचूनही मुलांच्या मनात राहिले. पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले.

आणि त्याच काळात, १९२९ साली, अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. भडगावहून चाळीसगाव ते किती दूर! तिथे स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्यांनी त्यांना बसवून गाडी हाकायला नकार दिला. शेवटी टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही, अशी तडजोड झाली. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून आपल्याच एका माणसाने, हाकायची सवय नसताना, लगाम हातात घेतला. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेब दगडावर आपटून त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, कायदेमंडळाचे सभासद, तरी ही गत. म्हणून ज्या शिक्षकाच्या तोंडी अपमान असतो त्याला 'कडक' म्हणू नये. चाळीसगावचा टांगेवाला जे करत होता, तेच तो वर्गात करत असतो.

तथागतांनी याविषयी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात सहा दिशांचा उपदेश आहे आणि दक्षिण दिशा ही आचार्यांची मानली आहे. शिष्याने आचार्यांना उठून मान द्यावा, त्यांच्याजवळ जावे, ऐकण्याची आवड ठेवावी, सेवा करावी आणि विद्या मन लावून घ्यावी, ही त्याची पाच कर्तव्ये. मेळाव्यात आमची मंडळी उठून उभी राहिली ते यातलेच पहिले. पण आचार्यांनाही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला चांगले वळण लावावे, शिकवलेले त्याला नीट समजेल असे पाहावे, आपली विद्या हातचे न राखता द्यावी, मित्रमंडळींत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. यात मारणे कुठेही नाही. आणि दुर्लक्ष करणे तर मुळीच बसत नाही.

आता त्या कायद्याविषयी. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली. हा दुसरा शब्द आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावा. मुलाला जातीवरून बोलणे, सवलतीवरून हसू करणे, मुद्दाम मागे बसवणे हाही त्रासच. कायद्याने कडकपणाला बंदी केलेली नाही. वेळेवर ये म्हणायला, वही रोज तपासायला, गैरहजर मुलाच्या घरी जायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? पिढी वाया जात असेल तर ती छडी गेल्यामुळे नाही, तर ही कामे कमी झाल्यामुळे जाते असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेळाव्याच्या संध्याकाळी आम्ही तिघे आमच्या त्या नववीत शाळा सुटलेल्या मित्राच्या घरी गेलो. तो नुकताच कामावरून आला होता, अंगाला केळीचे डाग होते. त्याला म्हटले, "तू का नाही आलास रे?" तो म्हणाला, "मला कोण्या नात्यानं बोलावणार? फलकावर दहावीची तुकडी लिहिलं होतं. मी दहावीत नव्हतोच." मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "गणिताचे सर आले होते का? कसे आहेत?" सर हजेरी घेत होते म्हणून सांगितले, तेव्हा त्याने मान फिरवली आणि आत चहा ठेवायला सांगितला. त्याची मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे. चहा घेऊन तीच आली आणि म्हणाली, "काका, पप्पांना अजून पावकी-निमकी पाठ आहे. माझी बेरीज तेच तपासतात."

आम्ही संयोजकांना सांगितले आहे, की पुढचा मेळावा दहावीच्या तुकडीचा नको. पाचवीच्या हजेरीपटावर ज्यांची ज्यांची नावे होती त्या सर्वांचा व्हावा. काहींनी खर्चाचा प्रश्न काढला. कोणी म्हणाले, अर्ध्यांचे पत्ते मिळणार नाहीत. आम्ही म्हटले, पत्ते आम्ही शोधतो. वीसपैकी अकरा आजवर सापडले आहेत. वीटभट्टीवर गेलेला सापडला, सातवीनंतर सासरी गेलेली बहीणही सापडली. ती आता आजी झाली आहे.

मेळाव्याचे होईल तेव्हा होवो. आमच्या गावच्या विहारात मात्र रोज सायंकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालते. आम्ही नोकरीवरून आल्यावर तिथे बसतो, आणखी दोन तरुण मुले येतात. तिथे छडी नाही, पण हजेरी आहे आणि ती फार कडक आहे. सलग दोन दिवस मूल आले नाही, की तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी त्याच्या घरी जातो. आजारी आहे की कामाला लावले, फी अडली की कोणी काही बोलले, ते विचारतो. कापसाच्या हंगामात भांडणेही होतात. एका आईने आम्हाला सुनावले, "भाऊ, तुम्ही नोकरीवाले, तुम्हाला काय कळतं?" आम्ही तिला म्हटले, "ताई, आमच्याही हाताला कापसाची बोंडे टोचली आहेत." दोन दिवसांनी पोरगा आला.

वाचक आई-वडिलांना आमची एवढीच विनंती आहे. शाळेत जाऊन "याला मारा, पण शिकवा" असे म्हणू नका. "याची वही दाखवा" असे म्हणा. वहीत लाल शाई आहे का ते पाहा. तुम्हाला वाचता येत नसले तरी लाल रंग दिसतोच. शाळेच्या दाखल्यावर धर्म-जातीची नोंद बरोबर आहे ना, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत गेला ना, हे मुलावर सोडू नका, स्वतः विचारा. मुलगा किंवा मुलगी एकाएकी शाळेला जायला नको म्हणू लागली, तर हात उगारण्याआधी शेजारी बसवून विचारा, वर्गात काय झाले. आणि ज्या गावात विहार आहे त्या गावाने तिथे एक हजेरीवही ठेवावी. बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' हा शब्द पहिला दिला. शिकणाऱ्यांची हजेरी आपणच घ्यायची आहे.

जयभीम!